छातीत बसलेला खोकला : ब्रॉन्कायटिसमध्ये घरच्या घरी काय करायचं आणि कधी थांबायचं

सर्दी उतरते, ताप जातो, पण खोकला छातीत ठाण मांडून बसतो. आधी सुकी ढास लागते, मग कफ सुटायला लागतो, रात्री आडवं झालं की उबळ येते. ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात आणि पुन्हा दिवाळीनंतर हवा बदलली की अनेक घरांत हेच ऐकू येतं. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज आली की असं होतं, यालाच ब्रॉन्कायटिस म्हणतात. बहुतेक वेळा कारण असतं एखादा विषाणू.

पहिल्यांदाच हा त्रास होत असेल तर एक आकडा पक्का लक्षात ठेवा. हा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. आठवड्यात जाईल असं वाटत असतं, तो जात नाही, मग आठव्या दिवशी घाबरून अँटिबायोटिक सुरू होतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. खोकला त्याच्या वेळेने कमी होतो आणि श्रेय गोळीला जातं. कफ पिवळा किंवा हिरवट झाला म्हणजे जंतू वाढले, हीसुद्धा चुकीची समजूत आहे. हा रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे, आणि तो विषाणूच्या आजारातही येतो.

घरगुती उपायांनी हे १८ दिवस फारसे कमी होत नाहीत. पण झोप लागते, कफ पातळ होतो, घसा सोलवटत नाही, आणि नको त्या औषधांपासून आपण लांब राहतो.

सुरुवात तपासणीने करा

काढ्याचं पातेलं गॅसवर ठेवण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि तीन गोष्टी मोजा.

ताप थर्मामीटरनेच मोजा, कपाळाला हात लावून नाही. सुरुवातीचे तीन-चार दिवस १०० च्या आसपास ताप असणं नेहमीचं आहे. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप चौथ्या दिवशीही येत असेल, किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर डॉक्टरांकडे जा. ब्रॉन्कायटिसच्या नावाखाली न्यूमोनिया राहून जातो तो असाच.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात फार चूक होते. मोठ्या माणसाचे बसल्या जागी मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल तर नवे सेल घालून वापरा. नेलपॉलिश किंवा मेंदी असलेलं बोट नको, हात गार असतील तर आधी चोळून गरम करा. बोट घातल्या घातल्या दिसणारा आकडा धरू नका. साधारण मिनिटभराने स्थिरावतो तो खरा. ९५ किंवा वर असेल तर ठीक. ९४ किंवा ९३ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. ९२ किंवा कमी दिसलं, ओठ निळसर झाले, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला तर १०८ ला फोन करा. ठाण्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यात आहे आणि नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत आहेत. आपल्या घरापासून कुठलं जवळ पडतं ते आजच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध नको.

काही जणांनी घरगुती उपायांवर विसंबून राहू नये : दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेले, हृदयाचे आणि किडनीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, पासष्टीच्या पुढचे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले. यांनी खोकला सुरू झाला की आपल्या डॉक्टरांना कळवावं आणि इथलं त्यांना विचारून करावं.

पहिले तीन-चार दिवस

घरी थांबा. गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून खोकणं तुम्हालाही त्रासाचं आणि शेजारच्यालाही. जावंच लागलं तर मास्क लावा.

अंग मोडून आलं असेल किंवा तापाने बेजार झाला असाल तर पॅरासिटामॉल पुरेसं आहे. ५० किलोच्या वर वजन असलेल्या निरोगी मोठ्या माणसाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावं, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवावं, आणि घरच्या घरी घेताना दिवसभरात ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये. रोज दारू घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असतंच. ती गोळी आणि वर तापाची वेगळी गोळी असा दुहेरी डोस नकळत होतो. पट्टीच्या मागचा मजकूर वाचायची सवय लावा. पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळा. ताप डेंग्यूचा असू शकतो, म्हणून रक्ताची तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन किंवा त्या जातीची दुखण्याची गोळी घेऊ नका.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, आठ ते दहा फुलपात्री. शरीरात पाणी कमी पडलं की कफ चिकट होतो आणि सुटता सुटत नाही. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पुरेसं पाणी जातंय. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातलेली असेल तर ती मोडू नका. भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, कुळथाचं कढण, टोमॅटोचं सार, चालत असेल तर पायाचं सूप, यातलं जे घशाखाली उतरेल ते घ्या. दूध प्यायल्याने कफ वाढत नाही. तोंडात थोडा चिकटपणा जाणवतो, इतकंच. हळद घातलेलं गरम दूध आवडत असेल तर एका कपाला पाव चमचा हळद पुरे, चमचाभर घातली की पोटात जळजळ होते.

मध : साधा, आणि खरोखर उपयोगी

घरातल्या सगळ्या उपायांत खोकल्यासाठी सर्वात भरवशाचा पुरावा मधाचा आहे. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१९ च्या खोकल्यावरच्या मार्गदर्शनात त्याची शिफारस केली आहे. मध घशावर पातळ थर धरतो आणि ढास कमी होते. वेळ महत्त्वाची आहे, झोपण्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्या.

मोठ्या माणसाला आणि १२ वर्षांवरच्या मुलांना दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर. ६ ते ११ वर्षांना एक चमचा. १ ते ५ वर्षांना अर्धा चमचा. नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यात द्या, आणि मुलांना नंतर दात घासायला किंवा चूळ भरायला लावा.

एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका. पाचवीला, बारशाला चाटवायची पद्धत असली तरी नाही. मधातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, त्यात स्नायू लुळे पडतात. मधुमेह असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की दोन चमचे मधात सुमारे ११ ते १२ ग्रॅम साखर असते.

काढा, मापात

काढा बिघडतो तो ‘जास्त घातलं की जास्त गुण’ या समजुतीमुळे. एका माणसासाठी एका वेळेचं माप असं :

दोन कप पाणी, अर्धा इंच आलं ठेचून, तुळशीची पाच-सहा पानं, तीन मिरे, एक लवंग, आणि गवती चहाचं अर्धं पान. पाण्याला उकळी आली की आधी आलं, मिरे आणि लवंग घाला. गॅस मंद करून पाच मिनिटं उकळू द्या. मग तुळस आणि गवती चहा टाका, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटं मुरू द्या. तुळस, गवती चहा आधीपासून उकळत ठेवले की त्यांचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा उरतो. गाळून, पिण्याइतपत कोमट झाल्यावर मध किंवा चवीपुरता गूळ घाला. दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. सकाळीच करून रात्रीपर्यंत ठेवू नका.

दहा-बारा मिरे, वर सुंठ, वर दालचिनी असा जळजळीत काढा उपाशीपोटी घेतला की छातीत जळजळ होते. पोटातलं आम्ल वर येतं, घशाला लागतं आणि रात्री खोकला वाढतो. मग खोकला वाढला म्हणून काढा आणखी कडक केला जातो. काढा सुरू केल्यावर आंबट ढेकर आणि आडवं पडल्यावरची ढास वाढली असेल तर दोन दिवस काढा बंद करून बघा.

ज्येष्ठमध घशाला छान असतो. पेराएवढा तुकडा तोंडात धरून दिवसातून एक-दोनदा चघळायचा, तोही चार-पाच दिवसच. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, लघवीची गोळी घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. हा धोका फार थोड्यांना माहीत असतो आणि घरातल्या आजी-आजोबांनाच तो तुकडा प्रेमाने दिला जातो, म्हणून इतकं सांगितलं.

अडुळसा कोकणपट्टीत कुंपणालाही सापडतो. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. पण पानं कुटून रस काढताना किती द्रव्य पोटात जातंय याचा अंदाज लागत नाही, उलट्या होतात. तयार सिरप घ्या, बाटलीवरच्या मापाने. गरोदरपणात अडुळसा अजिबात नको, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आलं-हळद रोजच्या स्वयंपाकापुरतीच ठेवा.

वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमध्ये किंवा ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं मिळतं. तयार ‘काढा पावडर’ घेण्यापेक्षा अख्खे जिन्नस घ्या, काय घालतोय ते दिसतं.

वाफ आणि गुळण्या

वाफ श्वासनलिकांच्या खोलवर पोचत नाही. चोंदलेलं नाक मोकळं होतं, घशाला बरं वाटतं, आणि तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. धोका असतो तो भाजण्याचा. पलंगावर मांडी घालून, मांडीजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं, डोक्यावर जाड चादर, आणि खोकल्याची उबळ आली की पातेलं कलंडतं. म्हणून पातेलं न हलणाऱ्या टेबलावर ठेवा, स्वतः खुर्चीत बसा. गॅसवरून उतरवल्यावर दोन मिनिटं थांबा. चेहरा हातभर लांब, डोळे मिटलेले, पाच ते सात मिनिटं, दिवसातून दोनदा. भाजल्यासारखं वाटलं तर मागे व्हा, सहन करत बसू नका. पाण्यात बाम, निलगिरी किंवा कापूर घालू नका. डोळे चुरचुरतात, आणि दमा असलेल्याला त्या वासानेच उबळ येऊ शकते. कापूर मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात, त्यामुळे तो त्यांच्या हाती लागेल असा ठेवूच नये.

लहान मुलांना पातेल्याची वाफ नको. बाथरूमचं दार बंद करून गरम पाण्याचा शॉवर किंवा नळ सोडा आणि त्या दमट हवेत मुलाला कडेवर घेऊन दहा मिनिटं बसा, पाण्यापासून लांब.

गुळण्यांना एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घेऊन मान मागे टाकायची, दहा-पंधरा सेकंद खळखळवून थुंकायचं. दिवसातून तीन-चार वेळा. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच वापरावं. नळाचं किंवा टाकीचं कच्चं पाणी नाकात घालणं धोक्याचं आहे, क्वचित त्यातून मेंदूला जीवघेणा संसर्ग होतो.

कफ सुटत नसेल तर

जोर लावून घशातून खोकत राहिलं की बरगड्या दुखतात, घसा सोलवटतो आणि श्वासनलिका उलट आवळतात. त्याऐवजी फिजिओथेरपिस्ट शिकवतात तो ‘हफ’ शिकून घ्या.

१. खुर्चीत सरळ बसा, पाय जमिनीला टेकवा, खांदे सैल सोडा. मिनिटभर पोटातून शांत श्वास घ्या.

२. नाकाने तीन-चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वास दोन-तीन सेकंद धरा आणि हळू सोडा. हवा कफाच्या मागे जाते. पुन्हा थोडा वेळ साधा श्वास.

३. आता मध्यम श्वास घ्या. तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ धरवतो तसं ‘हाऽऽ’ करत हवा पोटाच्या जोराने बाहेर ढकला. असं दोनदा.

४. कफ वर आल्यासारखा वाटला की एकदा-दोनदा खोकून कागदात थुंका. मग विश्रांती.

असे तीन-चार फेरे, एकूण दहा मिनिटं. सकाळी उठल्यावर गरम पाणी प्यायल्यानंतर आणि संध्याकाळी जेवणाआधी करा. जेवल्यावर लगेच केलं तर उलटी होते. चक्कर आली किंवा छातीत शिट्टी वाजायला लागली तर थांबा. ‘हाऽऽ’ करताना घशात घुरघुर झाली तर घसा आवळला जातोय, तोंड आणखी उघडा.

घरातली हवा

परदेशी सल्ल्यांत ह्युमिडिफायर लावा असं हमखास असतं. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत पावसाळ्यात त्याची गरज नाही, उलट भिंतींना ओल आणि बुरशी वाढते. पापुद्रे सुटलेल्या, काळे ठिपके पडलेल्या भिंतीला लागून पलंग असेल तर तो आधी हलवा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. एसी लावत असाल तर जाळी धुवून घ्या आणि तापमान २६ च्या खाली नेऊ नका.

धूर पूर्ण बंद. सिगारेट-बिडी अर्थातच, पण डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप आणि बाळाला देतात ती ओव्याची धुरीसुद्धा. एक कॉइल जळून संपेपर्यंत सूक्ष्म कणांचा जो धूर सोडते तो ७५ ते १३७ सिगारेटींइतका असल्याचं मोजमाप झालेलं आहे. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

घोडबंदर रोडच्या कामांची आणि वाहनांची धूळ, तुर्भे-महापे आणि तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यातली हवा, यांवर आपला ताबा नाही. पण वेळ निवडता येते. हिवाळ्यात पहाटे गार हवेखाली धूळ-धूर जमिनीलगत अडकून राहतो, म्हणून बरं होईपर्यंत सहाचं फिरणं बंद ठेवा आणि उन्हं वर आल्यावर जा. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आपल्या जवळच्या केंद्राचा हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) दिसतो. २०० च्या वर असेल तर रस्त्याकडच्या खिडक्या लावा आणि घरातच चाला. केर काढण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडूने उडालेली धूळ तासभर हवेत राहते.

रात्र

जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास, हलकं. पाठीखालून उतार येईल अशा दोन-तीन उशा लावा. नुसत्या मानेखाली उशा रचल्या तर मान वाकते आणि श्वास अडतो. मध घेऊन झोपा, उशाशी थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा. उबळ आली की उठून बसा, दोन घोट घ्या, ओठ चंबू करून सावकाश श्वास सोडा.

मेडिकलमधून काय आणू नये

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नको, मागच्या वेळची उरलेली पट्टीही नको. सुका खोकला दाबणारं आणि कफ पातळ करणारं औषध एकाच बाटलीत असेल तर ते घेण्यात अर्थ नाही. घरचा नेब्युलायझर असेल तर त्यात साधं पाणी किंवा काढा कधीच घालू नका. श्वासनलिका आवळून धाप लागते.

मुलांना खोकल्याचं सिरप मनाने देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच दिला आहे. मुलांच्या बाबतीत श्वासांचा आकडा सर्वात उपयोगी. मूल शांत किंवा झोपलेलं असताना मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, इतके किंवा जास्त श्वास असतील तर लगेच दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा मलूल पडलं असेल तर आकडा मोजत बसू नका, निघा.

दोन-तीन आठवडे झाले तरी

खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्या, विशेषतः संध्याकाळी ताप, रात्री घाम किंवा वजन उतरत असेल तर. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते, आणि निक्षय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे. थुंकीत रक्त दिसलं तर दोन आठवडे वाट बघायची नाही.

तीन आठवड्यांनंतर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांची तपासणी हवीच. जाताना चालू औषधांची यादी न्या. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांनीही सुका खोकला येतो आणि गोळी बदलली की काही आठवड्यांत थांबतो. मनाने ती बंद मात्र करू नका. वर्षातून तीन महिने कफाचा खोकला, असं सलग दोन वर्षं झालं असेल तर तो जुनाट ब्रॉन्कायटिस असू शकतो. त्यासाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री लागते. त्या तपासणीच्या दिवशी सकाळी सिगारेट ओढू नका, पोटभर जेवून जाऊ नका, आणि इनहेलर चालू असेल तर तो कधी थांबवायचा ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.